चुलीपुढची बंदूक

(कुंडल येथे खंडेनवमीच्या सायंकाळी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज खंडेनवमी. आपापल्या घरचे शस्त्रपूजन आटोपूनच आपण सारे येथे जमला आहात. दुपारी मी गावात आलो तेव्हा ज्यांच्याकडे उतरलो आहे त्यांच्या देवघरात डोकावलो, मग शेजारच्या दोन घरांतही गेलो. पाटावर काय मांडले होते? विळा, कोयता, अडकित्ता, एक जुना रंधा, दुचाकीचे पाने आणि एका घरी मुलाचा संगणक. झेंडूची फुले, हळदकुंकू यथासांग होते. हे पाहून मला हसू आले नाही. ज्या उपकरणाने पोट भरते त्यापुढे हात जोडावेत, ही आपली रीतच आहे. शेजारच्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून यंत्रांची पूजा होत आली असेल. पण या सणाचे नाव खांड्यावरून पडले आहे, आणि पाटावर खांडा नाही. तो कोठे गेला, हे मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

मी जुन्या शस्त्रांचा संग्राहक आहे. तलवारी, कट्यारी, दोन पट्टे, तोड्याच्या बंदुका, ठासणीच्या बंदुका असा माझा संसार. संग्राहकाला लोक विचारतात, ‘तुमच्याकडे काय काय आहे?’ खरे सांगू का, त्याला विचारण्याजोगा प्रश्न तो नव्हे. ‘तुम्हाला काय मिळाले नाही?’ असे विचारा, म्हणजे त्याचे मन उघडे होईल. आहे ते कपाटात असते. नाही ते रात्री झोपू देत नाही. मला न मिळालेल्या बंदुकांमधली एक आपल्या या कुंडल परिसरातली आहे, म्हणून मी येथे बोलायला उभा राहिलो.

आधी कायद्याचे थोडेसे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजाने या देशाच्या हातातले शस्त्र काढून घ्यायला प्रारंभ केला आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा करून ते काम पुरे केले. परवान्याविना शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र सवलत होती. हा कायदा होऊन वर्षही लोटले नाही तोच, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी धामारीवर छापा घातला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. या कायद्याच्या अपमानाविषयी टिळकांपासून गांधीजींपर्यंत कोणाचे दुमत नव्हते. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या गांधीजींनी १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात, इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा सर्वांत काळा ठरेल, अशा आशयाचे लिहिले आहे. आमच्या काही मित्रांना हे सांगितले की ते चकित होतात.

अर्थात परक्याने शस्त्र द्यायचे नाकारावे, ही गोष्ट त्याहूनही जुनी आहे. १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा असताना राजापूरच्या वखारीचे इंग्रज आपले निशाण लावून गडावर तोफा डागायला आले होते. महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरवर जाऊन त्याची किंमत वसूल केली. पण त्यानंतर वर्षानुवर्षे राजापूरच्या नुकसानभरपाईची बोलणी चालली तेव्हा महाराजांच्या बाजूने तोफांची, गरनाळांची मागणी पुन्हा पुन्हा निघे आणि इंग्रज तेवढाच विषय शिताफीने टाळत. मीठ, कापड, मिरी यांचा व्यापार खुशाल. तोफ मात्र नको! ज्याला आपण बाजार म्हणतो त्यालाही सीमा असते आणि ती विकणाऱ्याने आखलेली असते.

आता आपल्या भागाकडे वळतो. १९४२ चा सप्टेंबर. ३ तारखेला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि तिरंगा चढला. ९ तारखेला वडूजला मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सहकारी पडले. १० तारखेला इस्लामपूरला पुन्हा गोळीबार; त्यात किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले तरुण अभियंते उमाशंकर पंड्या हुतात्मा झाले. गुजराती घरातला हा मुलगा साताऱ्याच्या मातीत पडला. एका सप्ताहात या जिल्ह्याला दोन गोष्टी कळल्या. कचेरीवर झेंडा लावता येतो, आणि समोरच्याच्या हाती बंदूक असेल तर मोकळ्या हातांनी दुसऱ्यांदा जाता येत नाही. भूमिगत प्रतिसरकारचा जन्म या दुसऱ्या धड्यातून झाला, असे माझे मत आहे.

कुंडल त्याचे केंद्र झाले यालाही कारण होते. हे गाव औंध संस्थानात. राजा भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली प्रजेला राज्यघटना दिलेली. शिवेच्या अलीकडे संस्थान, पलीकडे इंग्रजी मुलूख. पोलिसांना पाठलाग करतानाही कागद चाळावे लागत. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, कॅप्टन रामभाऊ लाड ही नावे मी आपल्याला सांगावीत असे नाही, ती आपल्या घरातली आहेत. यांपैकी बहुतेकांचा पुढचा राजकीय मार्ग डावा. नानासाहेब १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेत गेले ते कम्युनिस्ट पक्षाचे म्हणून. आपला मार्ग तो नाही, आणि तसे स्पष्ट म्हणायला मला संकोचही वाटत नाही. पण १९४३ च्या जूनमध्ये शेणोलीच्या रुळांवर जे तरुण उभे राहिले त्यांच्या हातात लाल पुस्तक नव्हते. काय होते ते ऐका.

७ जून १९४३. पगाराची रक्कम घेऊन येणारी रेल्वेगाडी कराड तालुक्यातील शेणोलीजवळ तूफान सेनेने दगड रचून अडवली. कॅप्टन रामभाऊंनी शतकाच्या उंबरठ्यावर असतानाही ही हकीकत सांगितली आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये ते गेले. त्या वेळी यांच्यापाशी बंदूक नव्हती. कोयते, लोखंडी पहारी आणि दोन-तीन गावठी बॉम्ब, एवढ्यावर इंग्रज सरकारची गाडी अडवली. बंदूक होती ती गाडीच्या रक्षकाकडे. आणि तो इतका गांगरला की ती चालवण्याचे त्याला सुचले नाही. या घटनेला कोणी ‘लूट’ म्हटलेले कॅप्टनभाऊंना खपत नसे. जनतेचाच पैसा जनतेकडे परत आणला, असे ते ठणकावून सांगत.

म्हणजे पाहा, आपण सकाळी पाटावर मांडला तोच कोयता. शस्त्रकायद्याने पाटावरचा खांडा उचलला तेव्हा कोयता तेथे राहू दिला, हे लिटनसाहेबाचे अनवधान म्हणायचे!

मग बंदुका मिळवायच्या कशा? एक वाट पोलीस ठाण्याची. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी ही हकीकत उतारवयात अनेकांना सांगितली. भवानीनगरच्या ठाण्यासमोर एक नवरा बायकोला बेदम मारतो आहे, डोक्यात दगड घालायला निघाला आहे, असा बनाव रचला. मार खाणारी बाई म्हणजे हौसाताई. भांडण सोडवायला शिपाई बाहेर धावले आणि आतल्या चार बंदुका साथीदारांनी उचलल्या. तो मार पुरता खोटा नव्हता, याची तक्रार हौसाताई म्हातारपणापर्यंत हसत हसत करीत. चार बंदुकांसाठी एका तरुण स्त्रीने भर रस्त्यावर मार खाल्ला. संग्राहक म्हणून मी लिलावांत लाखांच्या बोली ऐकल्या आहेत. यापेक्षा महाग बंदूक मी ऐकलेली नाही.

दुसरी वाट गोव्याची. पोर्तुगीज हद्दीतून शस्त्रे आणताना एक कार्यकर्ता तेथे पकडला गेला. त्याची बहीण असल्याचे सांगून हौसाताई तुरुंगात त्याला भेटल्या, निसटण्याच्या योजनेची चिठ्ठी अंबाड्यात लपवून. न सापडलेली शस्त्रे मार्गी लावली आणि परतताना रात्रीच्या अंधारात, पोहता येत नसताना, लाकडी पेटीवर आडव्या होऊन मांडवी ओलांडली. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या गेल्या.

आणि बंदूक आली तरी ती शिकवणारा हवा. नागनाथअण्णांनी त्यासाठी आझाद हिंद सेनेतले जवान आणले. त्यांतला नानकसिंग फेब्रुवारी १९४६ मध्ये मणदूरच्या चकमकीत किसन अहिरांबरोबर धारातीर्थी पडला. नेताजींच्या सेनेतला शीख जवान आणि वाळव्याचा मराठी तरुण वारणेच्या खोऱ्यात एकाच दिवशी, एकाच लढ्यात गेले. अखिल भारत या शब्दाचा अर्थ मुलांना शिकवायचा असेल तर भाषण करू नका, त्यांना मणदूरला न्या.

येथे एक गोष्ट मला नेहमी खुपते ती बोलून टाकतो. त्याच वर्षांत स्वातंत्र्यवीर सावरकर तरुणांना सैन्यात शिरा म्हणून सांगत होते. त्यांच्यावर त्या वेळी टीका झाली, आजही होते. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा उघडली ती याच विचाराने. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य सुमारे पंचवीस लाखांवर गेले. १९४४ मध्ये इटलीत यशवंत घाडगे आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव या दोन मराठा जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. एकीकडे इटलीच्या नदीकाठी मराठी हातात बंदूक, दुसरीकडे कृष्णाकाठी मराठी हातात कोयता. सावरकरांचे म्हणणे असे, की आधी बंदूक हाती येऊ दे, तिचे तोंड कोणीकडे फिरवायचे ते मग पाहू. कुंडलच्या तरुणांचे म्हणणे असे, की बंदूक येईपर्यंत थांबायला वेळ नाही. या दोन भूमिकांत मी न्यायाधीश होऊ इच्छीत नाही. दोन्हींच्या मुळाशी १८७८ ची तीच जखम आहे, एवढे मात्र मला दिसते.

सावरकरांचे नाव निघाले म्हणून सांगतो. माझ्या न मिळालेल्या शस्त्रांत पहिला मान त्यांनी पाठवलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांचा. १९०९ च्या प्रारंभी लंडनच्या इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस पिस्तुले मुंबईला आली. २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या त्यांपैकी एकातून सुटल्या. कान्हेरे, कर्वे, देशपांडे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्यात फासावर गेले. सावरकरांच्या जन्मठेपेतही ही पिस्तुले पुरावा होऊन उभी राहिली. त्या वीसपैकी एकही डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य मला लाभले नाही. हाती घेण्याची तर गोष्टच सोडा.

मला कोणी विचारेल, पैसे टाकून का घेत नाही? बंदूक ही काही जुनी समई नव्हे. आपल्या १९५९ च्या शस्त्रकायद्यात निकामी, पुराणवस्तू झालेल्या, दुरुस्त करूनही उडणार नाहीत अशा शस्त्रांना सूट आहे. माझा संग्रह त्या कलमाच्या आधारावर उभा आहे. पण .३०३ सारखी रायफल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, सामान्य नागरिकाला ती मिळत नाही. परवान्यावर पूर्वी तीन शस्त्रे ठेवता येत, २०१९ च्या दुरुस्तीने ती दोन झाली. १९८० च्या दशकापासून परदेशी बंदुकांची खाजगी आयात बंद असल्याने इंग्रजी काळातील एखादे वेब्ले रिव्हॉल्व्हर लाखांत जाते. यात गैर काही नाही. स्वतःच्या राज्यात स्वतः केलेला निर्बंध आणि परक्याने लादलेला निर्बंध यांत भेद आहे, तो आपण करायलाच हवा.

आता त्या आपल्या बंदुकीकडे येतो.

त्या काळी इंग्रजी पोलीस ठाण्यांत .४१० बोअरची मस्केट सर्रास असे. दिसायला ती लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलीसारखी, बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात फेरफार केलेली. पण नळीच्या आतले आटे काढून ती गुळगुळीत केलेली, आणि दहा गोळ्यांच्या पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवलेला. एका वेळी एकच काडतूस, पल्ला आखूड. हेतू उघड होता. ठाण्यातली बंदूक उद्या बंडखोरांच्या हाती पडली तर ती लष्करी रायफलीपुढे टिकू नये. इंग्रजाचा आपल्या शिपायावरही विश्वास नव्हता. त्याच्या हाती त्याने अर्धीच बंदूक दिली. अशी एक, प्रतिसरकारच्या हातून गेलेली मस्केट मला हवी होती. वापरायला नव्हे. नुसती भिंतीवर, खाली चार ओळी लिहून.

साधारण १९९८ ची गोष्ट. या भागातील एका वस्तीवर एक स्नेही मला घेऊन गेले. त्या घरात म्हणे एक बंदूक होती. घरची आजी तेव्हा ऐंशीच्या घरात. चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. आम्ही बंदुकीची चौकशी केली, तर तिने मान हलवली. लाकूड केव्हाच बंबात गेले, बाकीचे लोखंड दीर घेऊन गेले, असे काहीसे सांगितले. मग जाळ विझू लागला म्हणून तिने शेजारची फुंकणी उचलली आणि ओठांना लावली.

ती फुंकणी उचलताना तिचा हात किंचित खाली गेला. पत्र्याच्या फुंकणीने हात असा खाली जात नाही. माझे लक्ष तेथे गेले. एक टोक बारीक, दुसरे जाड, अंगावर बोटभर काजळी. मधला तुकडा कापून काढलेला नव्हता, पुढचे टोक कानशीने घासून आखूड केले होते. जाड बाजूला, म्हणजे जेथे काडतूस बसते तेथे, काजळीखाली काही अक्षरे असावीत असा उंचसखल भाग दिसला.

मी म्हणालो, “आजी, ही जरा बघू का?”

“बगा की. फुकनी हाय ती. लई जड हाय, पर जाळ झटक्यात धरतुया.”

मी हातात घेतली. गरम होती. भोकातून पाहिले तर आत आटे नव्हते, गुळगुळीत होती. मला जे हवे होते ते माझ्या हातात होते, भगिनींनो, आणि त्याला पिठाचा हात लागलेला होता.

मी बदल्यात नवी पितळी फुंकणी देऊ केली. पैसेही देऊ केले, हे आता सांगताना ओशाळल्यासारखे होते. आजी म्हणाली, “आन् मग मी चूल कशानं फुकू? मालकांनी आनल्याली हाय ती. त्यास्नी दोन वरसं हुडकत हुते पोलीस, माळ्यावरनं काडायला लावायचे सगळं. हिकडं मातूर कुनी बगितलं न्हाई.”

पोलिसांनी माळा तपासला, कणग्या उपसल्या, पण बाईच्या हातातली फुंकणी कोणी तपासली नाही. मी निमूटपणे ती चुलीपाशी ठेवून दिली. नियमाप्रमाणे बंदुकीची नळी हाही शस्त्राचाच भाग ठरतो. ती मिळाली असती तरी आधी ठाण्यात जाऊन नोंद करावी लागली असती, आणि ते मी केले असते. पण मला चुकल्यासारखे वाटते ते यासाठी नव्हे. खिशात चाकू होता, वही होती. ती काजळी नखाएवढी खरवडून खालचा क्रमांक मी उतरवून घेतला नाही. आजीच्या चुलीपुढे बसून तिच्या फुंकणीवर चाकू चालवायची लाज वाटली.

क्रमांकाला एवढे महत्त्व कशाला, असे तुम्ही म्हणाल. भगतसिंगांचे कोल्ट पिस्तूल इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात वर्षानुवर्षे इतर पिस्तुलांच्या रांगेत रंगाच्या थराखाली पडून होते. खटल्याच्या कागदांत क्रमांक होता, १६८८९६. रंग खरवडला, क्रमांक जुळला, आणि २०१७ मध्ये ते पिस्तूल हुसैनीवाल्याला सन्मानाने गेले. चंद्रशेखर आझादांचे पिस्तूल प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. प्रत्येक पोलीस मस्केटवर क्रमांक असे आणि ठाण्यातून बंदूक गेली की सरकारी कागदांत त्याची नोंद होई. ते कागद आणि ती काजळी यांची गाठ पडली असती तर कोणत्या ठाण्याची, कोणत्या रात्रीची, हे कळण्याची वाट होती.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा मी तेथे रांगेत उभा होतो. ती महाराजांचीच, असा निर्विवाद पुरावा नाही हे त्या संग्रहालयानेच सांगितले होते, तरी लोक हात जोडून पुढे जात होते, मीही जोडले. २०२५ मध्ये राज्य शासनाने लंडनच्या लिलावातून सेनासाहेबसुभा रघूजी भोसल्यांची तलवार ४७ लाख १५ हजार रुपयांत सोडवून आणली. तिच्यावर नाव कोरलेले आहे म्हणून ती ओळखू आली. हे सारे व्हायलाच हवे होते. मात्र लंडनहून आणायला विमान लागते, आणि कुंडलच्या शिवारातली वस्तू उचलायला एखाद्याने वाकावे लागते, एवढे मला त्या रांगेत उभे असताना वाटत होते.

काही वर्षांनी मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो. आजी गेली होती. घर पक्के झाले होते, स्वयंपाकघरात गॅसची शेगडी होती, आणि कोणाच्याही डोळ्यांत धूर जात नव्हता. याचा आनंदच व्हायला हवा, आणि झालाही. सून चांगली बोलकी. तिने चहा दिला. फुंकणीचे विचारताच थोडी विचारात पडली, मग म्हणाली, भंगारवाल्याला जुन्या पत्र्यांबरोबर दिली असेल. वजनावर गेली. किती वजन भरले ते तिला आठवत नव्हते. लांबी मात्र तिने हातावर बरोबर दाखवली, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आणि वर चार बोटे. ते माप मी वहीत लिहून घेतले, तारीख घातली, आणि खाली घराची खूण लिहिली.